राहिलेला पूल

ताई,

तुझी मुंगी आत झोपलीय, तू येईपर्यंत शेजारच्या काकू तिच्यापाशी बसल्यात. मला डेपोतून फोन आला, निघालो. तिच्या पायातले बूट काढू नकोस.

काल फोनवर गाडी बिघडली म्हणून उशीर होतोय म्हणालो ते खोटं. समुद्राकाठच्या रस्त्यानं जाताना चौदा पूल लागले, ते तिनं वहीत काढून ठेवले होते. येताना मी अतिशहाणपणा करून गाडी आतल्या हायवेला घातली. ती कान दाबून तासभर ओरडत होती, मीही आवाज चढवला. शेवटी तिनं वही माझ्या मांडीवर आपटली, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. गेलो त्याच पुलांवरून परत यायचं होतं तिला. साठ किलोमीटर मागे फिरलो. पुढचा प्रत्येक फाटा, प्रत्येक वळण तिनं बोटानं दाखवलं आणि पूल आला की वहीत फुली मारली. एकदाही चुकली नाही. वीस वर्षं बस चालवतोय गं, मला नाही जमायचं हे.

'कसला ऑटिझम, तूच लाडावून ठेवलीयस,' असं तुला सगळ्यांदेखत बोललो होतो. चुकलो. तू हे रोज एकटीनं निभावतेस.

तेरा फुल्या झाल्या. आपल्या ओढ्यावरच्या पुलाआधीच तिला झोप लागली. उठली की खाणंपिणं नंतर, आधी तिला तिथे ने. बूट काढायला गेलो तर झोपेतसुद्धा पाय ओढून घेतले तिनं. तिच्या लेखी आम्ही अजून घरी पोचलेलोच नाही.

तुझा धाकटा