छिमीची सही

दिल्ली, १५ मार्च

प्रिय आमा,

आधी हे वाच, की मी सुखरूप आहे. कोपर थोडं खरचटलंय, पण पोटभर जेवते. बाबांचा खोकला कसा आहे? त्यांना हे सगळं एकदम सांगू नकोस.

एकोणसाठ साली ल्हासात चिनी सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या बायकांची नावं आम्ही एकतीसजणींनी बारा तारखेला रस्त्यावर बसून मोठ्यानं वाचली. कुणी साधा खडा उचलला नाही, तरी आम्हाला तुरुंगात नेलं.

"पुन्हा असं करणार नाही असं लिहून द्या आणि घरी जा," तुरुंगातले साहेब म्हणाले.

"खोटं कसं लिहून देऊ, बाळा?" नोरझोम आजी म्हणाल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत त्या!

आमच्यातली छिमी एकोणीस वर्षांची, इथे भारतातच जन्मलेली. आपलं तिबेटी एकही अक्षर लिहिता येत नाही म्हणून रडत होती. आजींनी तिला जवळ ओढलं आणि तीन दिवस ओल्या बोटानं फरशीवर अक्षरं गिरवून घेतली.

आज न्यायाधीशांनी काहीही लिहून न घेता आम्हाला सोडलं. फक्त नोंदवहीत सही करायची होती. छिमीनं ती आपल्या अक्षरांत केली.

"हे काय?" कारकुनानं विचारलं.

"माझं नाव."

तो वही मिटणार, तोच आजी कडाडल्या, "थांब रे! वेलांटी राहिलीय."

तो मुकाट्यानं थांबला. छिमीनं वेलांटी दिली, आणि आम्ही एकतीसजणी गात बाहेर पडलो.

तुझी हट्टी लेक,
यूडोन