डाव्या चाकाचा बोल्ट आणि घराची वाटणी

श्री जगदंबा प्रसन्न

मी, सौ. गोपिका रुपराव धोटे, वय ६९, मॅट्रिक पास, काम घरसंसार, राहणार हुडकेश्वर, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे, चष्म्याने नीट दिसते, साखर आहे पण ताब्यात आहे. कोणाचा दाब नाही. देवीने बोलावले तर मागे घोळ राहू नये, एवढाच हेतू.

१. घर. प्लॉट माझे सोने मोडून घेतला, म्हणून घर माझ्या नावे आहे. माझ्या मागे माझे पती श्री. रुपराव यांना हयातभर त्यात राहण्याचा हक्क. त्यानंतर मुलगा ऋषिकेश व मुलगी पिंकी यांना निम्मे-निम्मे. सगळे घर पिंकीच्या नावे करावे, असे यांनी मला दोनदा सांगितले. मी तसे करीत नाही. कारण कलम चारमध्ये आहे.

२. बँकेतली ठेव व नथ पिंकीला. पाटल्या ऋषिकेशच्या बायकोला, ती येईल तेव्हा. तोवर पिंकीने सांभाळाव्या. माझ्या तेरवीला वरण, भात, एक भाजी पुरे. पंगत वाढवू नये, अन्न नालीत जाते.

३. भांडी दोघांत वाटून घ्यावी. तांब्याचे घंगाळ नणंद यमुताई यांच्याकडे पिंकीच्या बारशापासून आहे. मागितले की म्हणतात, "वहिनी, तुमचंच घर आहे ना हे?" ते त्यांच्याकडेच राहू द्यावे, पण ते माझे आहे हे इथे लिहून ठेवते.

४. गाडी. माहेरच्या शेताचा हिस्सा विकून घेतलेली पांढरी जुनी मोटार माझ्या नावावर आहे. ती ऋषिकेशला देते. सहा वर्षांपासून अंगणात विटांवर उभी आहे, पुढचे डावे चाक काढलेले. असे का झाले ते सगळ्यांना माहीत आहे असे सगळ्यांना वाटते.

२०१९ च्या दिवाळीआधी यांनी आणि ऋषिकेशने मिळून गाडीचे शॉक अॅब्सॉर्बर बदलायला काढले. हे कोराडीच्या वीज केंद्रात फिटर होते, गॅरेजवाल्याचा हात गाडीला लागू देत नसत. तीन चाकांचे जुने शॉक दोन दिवसांत निघाले. चौथ्याचा खालचा नट निघाला, पण बोल्ट आतल्या लोखंडी नळीला गंजून असा बसला की हलेना. हे म्हणाले, तारेच्या ब्रशने घास, सकाळ-संध्याकाळ डिझेल सोड, चार दिवस थांब.

ऋषिकेश म्हणाला, "बाबा, जुना शॉक तर फेकायचाच आहे. दोन्हीकडून बोल्ट कापून टाकू ना."

"कापते तो फिटर नसते गा," हे म्हणाले आणि जेवायला बसले. यांचे ताक संपायच्या आत बाहेर घणाचे तीन ठोके ऐकू आले. तिसऱ्याला बोल्ट ज्या लोखंडी कानात बसतो तो कानच गाडीपासून तुटून आला.

"काहून ठोकलं बे? थांब म्हटलं होतं ना तुले!"

"चार महिने थांबलो असतो तरी नसता निघाला."

"सदतीस वर्षांत माझ्या हातून एक बोल्ट तुटला नाही. तुया हाताले धीरच नाही. जाय, जिथं ठोकाठोकी चालते तिथं राहाय!"

गल्ली ऐकत होती. ऋषिकेश त्याच संध्याकाळी बुटीबोरीला गेला, तिथे गिरणीत नोकरी करतो. सणाला फोन करतो, मलाच. या घरात पुन्हा जेवला नाही.

आता खरे लिहिते. दर अमावस्येला मी गाडीची मीठ-मोहरीने दृष्ट काढत असे. दृष्टीचे मीठ चुलीत टाकायचे असते, पण गॅसवर कसे टाकणार, आणि पायदळीही येऊ नये. म्हणून तांब्यात विरघळवून पुढच्या डाव्या चाकाच्या आत ओतत होते, फाटकातून येणाऱ्याची नजर पहिली तिथेच पडते म्हणून. बावीस वर्षे, एकही अमावस्या चुकवली नाही. त्या दिवशी तुटलेला तुकडा हातात घेऊन हे म्हणाले, "तीन चाकं चांगली, हेच एक असं काहून सडलं?" मी तिथेच पाण्याचा गडवा घेऊन उभी होते. मला त्याच क्षणी कळले. मी बोलले नाही. बापाने मुलाला घालवले, मी बघत राहिले.

लोखंड माझ्या मिठाने खाल्ले. मुलाच्या हाताचा दोष नाही. कापू म्हणत होता तेच बरोबर होते. म्हणून त्याचा हिस्सा निम्म्यापेक्षा तसूभर कमी होणार नाही.

५. गाडी दुरुस्त करायची की भंगारात द्यायची, हे ऋषिकेशने ठरवावे. हत्यारे यांची आहेत, ती देण्याचा मला हक्क नाही.

पुरवणी, दुसऱ्या दिवशी लिहिलेली. काल हा कागद मी साक्षीसाठी शेजारच्या शोभाताईंकडे नेला. मी म्हटले, आत काय आहे ते वाचायची गरज नाही. त्यांनी वाचलेच. म्हणाल्या, "मेल्यावर कबूल करून राहिल्या का वं? तेव्हा त्या पोराचे बाबा तरी राहतील का? आधी त्यायले वाचाले द्या. मग सही करतो." मला राग आला, कागद घेऊन घरी आले.

आज पूजा झाल्यावर कागद यांच्यापुढे ठेवला. यांनी दोनदा वाचला. दुपारी जेवले नाहीत. चार वाजता पेन मागितला. खालच्या दोन ओळी त्यांच्या हातच्या आहेत. त्या मी खोडणार नाही, कोणी खोडू नये.

"वाचले. हिच्यावर राग आहे, तो मी हिच्याशी बोलून काढीन.
घर निम्मे-निम्मे मला मंजूर. ऋषिकेशला आज फोन मीच करतो, चूक माझी होती म्हणून. — रु. धोटे"

लिहून देणार: सौ. गोपिका रुपराव धोटे (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. शोभाताई वसंत गावंडे, शेजारी (सही)
२. धोंडबा महादेव राऊत, निवृत्त शिक्षक (सही)

मुक्काम हुडकेश्वर, नागपूर. दिनांक १६ नोव्हेंबर २०२५, रविवार.