तुमच्या नावचं मूठभर धान

बाबूजी,

परवा शाळा सुटल्यावर एक म्हातारे गृहस्थ माझ्या खोलीवर आले. मी बी.ए. झाल्यापासून गोंदियातल्या आमच्या गल्लीत कुणाला इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. कधी कोर्टाचा, कधी रेल्वेचा. लोक दारातूनच विचारतात, "मास्तरीणबाई हायेत का?" हे गृहस्थ सालेकशाकडचे. सारी उमर रंगूनच्या गोदीत कारकुनी केली आणि आता नोकरी संपवून परत आलेत. मागे कुणी नाही. हातात इन्कम टॅक्सचा कागद होता आणि त्यातल्या एका प्रश्नाखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारून आणली होती. तो प्रश्न मी दोनदा वाचला. परदेशी नोकरीत असताना या देशात तुमच्यासाठी राहतं घर ठेवलेलं होतं काय? बाबूजी, हाच प्रश्न तुम्हाला आला होता. तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होते, आणि आपल्या ओसरीवर बसून तो तुम्हाला मीच वाचून दाखवला होता.

तुम्ही गेलात तेव्हा ब्रह्मदेश परदेश नव्हताच. एकाच सरकारचा मुलूख, आगबोटीचं तिकीट काढलं की झालं. भाताच्या गिरणीत मिस्त्री म्हणून गेलात, आणि तुम्ही तिथे पट्टे ओढत, चाकं बसवत असताना मधल्यामध्ये सरहद्द आखली गेली. दर तीन-चार वर्षांनी तुम्ही रजेवर येत होता. एका खेपेला माझ्यासाठी लाखेची गोल डबी आणलीत, काळी, तिच्यावर तांबडे हत्ती. मी तिच्यात चिंचोके ठेवत असे. मग लढाई आली आणि पत्रं थांबली. तिकडून पायी चालत आलेली माणसं गोंदियाच्या फलाटावर उतरत, आणि मोठे बाबूजी आपल्या धाकट्या भावासाठी एकेकाला तुमच्या गिरणीचं नाव घेऊन विचारत. कुणाला ठाऊक नसायचं. लढाई संपल्यावर तुमचं पत्र आलं तेव्हा मी डाक्याच्या हातातून ते ओढून घेतलं होतं, एवढं मला आठवतं. पुढे तिकडे नवं सरकार आलं. इथलेच व्हा, नाहीतर परवाना घेऊन राहा, असं ते म्हणू लागलं. तुमची नोकरीही संपत आली होती. गिरणीच्या कंपनीनं तुमचा साठलेला फंड दिला, महिन्याची थोडी पेन्शन बांधून दिली, आणि तुम्ही कायमचे घरी आलात. त्या फंडाचं काय करायचं हे तुम्ही आल्याच्या दिवशीच सांगितलं होतं. पोरगी नागपूरला कॉलेजात शिकेल. सारं गाव हसलं होतं.

वर्ष झालं नाही तोच तो कागद आला. आपण गोंदियातल्या वकिलांकडे गेलो. तुम्ही खुर्चीच्या टोकावर, मी तुमच्या मागे उभी. वकिलांनी कागद पाहिला, पान थुंकलं आणि म्हणाले, "देखो मिस्त्री, मामला सीधा है. तुमचं इथं घर ठेवलेलं नव्हतं असं ठरलं, तर तिकडून आणलेल्या पैशाला सरकार हात लावत नाही. ठेवलेलं होतं असं ठरलं, तर त्याच्यावर कर बसतो. घर कोणाच्या नावावर आहे?" तुम्ही म्हणालात, मोठ्या भावाच्या. "बस! भावाचं घर, भावाची चूल. तुम्ही सुटीत पाहुणे म्हणून येत होता, जेवून जात होता. इतना ही बोलना है." हे खोटं आहे असंही छातीवर हात ठेवून म्हणता आलं नसतं. घर खरंच मोठ्या बाबूजींच्या नावावर होतं. परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात नागपूरच्या वसतिगृहात पोचले होते.

इन्कम टॅक्सचे साहेब गोंदियाला आले त्या दिवशी आपण कचेरीत वेळेवर हजर. मोठ्या बाबूजींना वकिलांनी बजावलं होतं की तुम्ही फक्त बसा, बोलायचं मी. पण मोठ्या बाबूजींच्या मनानं वेगळंच घेतलं होतं. दिवसच तसे होते. फाळणीनंतर सरहद्दीपलीकडून आलेल्या माणसांनी भरलेल्या गाड्या गोंदियावरून जात होत्या, आणि जो तो दुसऱ्याला विचारत होता, तू कुठला. आपला भाऊ परका झाला की काय अशी सरकारला शंका आली आहे, असं त्यांना वाटलं. म्हणून बैलगाडी जुंपून ते गावातला सगळ्यात मोठा साक्षीदार घेऊन आले. गावची पूजा करणारा म्हातारा भुमका. डोक्याला धुतलेलं फडकं, हातात काठी. त्याला दारात पाहून वकील मटकन बसले.

पेरणीआधी गावदेवीच्या, मातामायच्या ओट्यावर काय होतं हे त्या साहेबांना कसं माहीत असणार? गावातली प्रत्येक चूल एक मूठ धान आणते. भुमका सगळं एकत्र करून पूजा करतो आणि मग प्रत्येक चुलीला एकेक मूठ परत देतो. ती आपल्या बियाण्यात मिसळायची, मग पेरायचं. इथे घर मोजत नाहीत, चूल मोजतात. जिची आग विझली तिची मूठ नाही. माय तुमच्यामागे एकाच घरात वेगळी चूल मांडून बसली होती ती यासाठीच. मोठी माय कितीदा म्हणाली, "दोन मानसांसाठी कायले अलग रांधतेस व? ये आमच्यात." माय म्हणायची, "तुमच्यात आली तं यायच्या नावची मूठ कोन देईल?" लढाईत तुम्ही आहात की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा ओट्यावर बाया तिच्याकडे बघून कुजबुजत. ती माझ्या लाखेच्या डबीतून धान न्यायची, कारण ती डबी तुमच्या हातची होती.

भुमक्यानं साहेबांना रामराम केला आणि कुणी विचारण्याआधीच सुरू झाला. "साहेब, हा बाहेरचा नोहे जी. तसे यायच्या जातीचे सारेच कालचे, माळव्याहून आले. पन आले तवापासून मूठ देतेत."

साहेबांना मौज वाटली. "कल के? कब आए?"

"दहा पिढ्या झाल्या असतीन," भुमका म्हणाला.

साहेब मोठ्यानं हसले, कारकून हसला, मोठे बाबूजी अभिमानानं हसले. वकील छताकडे बघत होते. म्हातारा थांबेना. "याची मूठ तं एक सालबी चुकली नाही. लढाईत हा मेला का जिता कोनाले मालूम नोहोतं. तरी याच्या बायकोनं अलग चूल ठेवली, अन् याच्या नावानं धान आनून देल्लं. म्याच घेतलो जी, या हातानं." आणि त्यानं दोन्ही तळवे पुढे करून दाखवले.

साहेब हसायचे थांबले. त्यांनी टाक खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता, बाबूजी. त्यानं तुम्हाला वाट ठेवली होती. हळूच विचारलं, "वह चूल्हा आपका था, या आपके भाई का? सोचकर बताइए." वकील खोकले. तुम्ही मागे वळून माझ्याकडे पाहिलंत. कागद मीच वाचला होता, तेव्हा एका शब्दानं काय जाईल हे मला ठाऊक आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. मी मान हलवली नाही, डोळेही खाली घातले नाहीत. आजही तो क्षण आठवला की मी तिथेच उभी आहे, कचेरीतला पंखा ओढणारा दोरी ओढतो आहे, आणि तुम्ही सांगता, "माहीच चूल जी, साहेब."

घरी येईपर्यंत मी रडले नाही. मायच्या चुलीपाशी आल्यावर मात्र बांध फुटला. "काऊन सांगितलं तुम्ही? पाहुणा म्हटलं असतं तर काय झालं असतं?" मायनं सगळं ऐकून घेतलं आणि ती माझ्याच बाजूला झाली. "मले इचारलं असतं तं म्यानंच म्हनलं असतं, म्हना पाहुना. माहं काय जाते? पोरीचं शिक्षन तं व्हते." तुम्ही पाय धुऊन आत आलात, चुलीसमोर उकिडवे बसलात आणि आगीत काडी सारलीत. "तू सारी लढाई हा इस्तो राखला. मी मेलो म्हनून लोकायनं सांगतलं, तरी राखला. अन् मी पैशापायी पाहुना होऊ?" मायनं पदर तोंडाला लावला. मग उठली, पाट मांडला, तांब्या ठेवला आणि म्हणाली, "बसा पाहुने, वाढतो." तेव्हापासून तुम्ही असेपर्यंत तिनं ही थट्टा सोडली नाही. भाजीत मीठ कमी पडलं की "पाहुन्याले चालते का?" आणि तुम्ही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचात.

कर बसला. साहेबांनी तो हप्त्यांनी भरायची मुभा दिली. फंड कॉलेजला पुरणार नाही हे उघड होतं. सहा महिन्यांनी तुम्ही, पेन्शन घेऊन घरी बसलेला माणूस, गोंदियातल्या एका राईस मिलमध्ये पुन्हा मिस्त्री म्हणून लागलात. आठवडाभर तिथेच राहायचं, बाजाराच्या दिवशी घरी यायचं. एकदा मी मायच्या हातचा भात आणि लाखोळीची डाळ घेऊन मिलमध्ये आले. तुमच्या भुवयांवर कोंडा बसला होता, पापण्यांवरही. तुम्ही कोंड्याच्या ढिगाला टेकून जेवत होता आणि मी ठरवून आलेलं बोलले. मला नागपूरला जायचं नाही. गावात लहान मुलांना शिकवीन, मला तेवढं पुरे. तुम्ही घास खाली ठेवलात. माझ्यावर तुम्ही रागावलेले मला तेवढ्याच एका वेळी आठवतात.

"हे घर कोनाचं?"

"आपलं."

"मंग पाहुन्यावानी काऊन बोलून राहिली? 'राहू द्या, मले नको' असं पाहुना म्हनते. घरचं मानूस मांगते."

मी मागितलं. तुम्ही दिलंत. नागपूरच्या माझ्या दुसऱ्या वर्षी तुम्ही गेलात, आणि माझ्या पदवीचा तो काळा झगा पाहायला मोठे बाबूजी आले. परत येताना गाडीत एवढंच म्हणाले, "मीच त्या भुमक्याले नेलो होतो." मी त्यांना सांगितलं की फार बरं केलंत. तेव्हा ते मी त्यांच्या समाधानासाठी बोलले होते.

ते किती खरं होतं हे परवा कळलं. मी त्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, तुमचं घर कुणी ठेवलं होतं का इथं? ते म्हणाले, बाप गेल्यावर घर बसलं, भावांनी जागा वाटून घेतली. ते रजेवर आले की स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत उतरत. मी उत्तराच्या जागी 'नाही' लिहिलं आणि समजावून सांगितलं की आता तिकडच्या पैशावर इथे कर नाही. त्यांनी कागदाची घडी केली. "म्हणजे सुटलो म्हना," असं म्हणून ते बसूनच राहिले. चहा निवला. मग म्हणाले, "कोनी ठेवलं असतं बाई, तं मी भरला असता कर." मी दुसरा चहा टाकला.

नागरिकशास्त्राच्या तासाला मी माझ्या मुलींना शिकवते की कर म्हणजे देशाच्या कामात आपला वाटा. धरणं, रस्ते, शाळा. मी ते मनापासून शिकवते, आणि या देशावर माझा तसाच विश्वास आहे. पण तो धडा पुस्तकात वाचला त्याआधीच मी तुमच्याकडून शिकले. तुम्ही त्या दिवशी दिलात तो कर मायच्या विस्तवाचा होता, आणि सरकारला तो कळला की नाही हे मला माहीत नाही.

मायचे गुडघे आता चालत नाहीत, म्हणून गेल्या हिवाळ्यात मी तिला गोंदियाला घेऊन आले. गावातली तिची चूल थंड झाली. पेरणीचे दिवस जवळ आले तशी तिला झोप लागेना. मग मीच गावी गेले. दार उघडलं, चूल सारवली, पेटवली, तिच्यावर चहापुरतं आधण ठेवलं आणि डबीत धान घेऊन ओट्यावर गेले. आता त्या भुमक्याचा मुलगा पूजा करतो. बिनलग्नाची पोर मूठ घेऊन आलेली पाहून बाया एकमेकींकडे बघू लागल्या. त्यानं विचारलं, "कोनाच्या नावची?" इतकी वर्षं जे नाव मायच्या तोंडून ऐकलं ते माझ्या ओठांवर आलंच होतं. मी माझं नाव सांगितलं. त्यानं जरा माझ्याकडे पाहिलं, ओंजळ पुढे केली, आणि इतर चुलींना दिली तशी एक मूठ मलाही परत दिली.

ती मी मोठ्या बाबूजींकडे द्यायला हवी होती. आपलं शेत तेच कसतात, बियाण्यात तीच मिसळायची असते. पण माझ्या नावची ती पहिली मूठ, हातातून सुटली नाही, आणि पेरणी केव्हाच आटोपली. मायला मी सांगितलं की दिली. ती अजून डबीत आहे, आणि हे पत्र घडी करून मी त्या धानाखालीच ठेवते आहे.