चीनच्या भिंतीवर कोण गेलं होतं

प्रिय दादा,

तुझं पुस्तक मिळालं. उदगीरहून परत येताना शेजारच्या इलियासभाईंनी ते बॅगेत घालून आणलं आणि शुक्रवारी सकाळी इथे दोह्यात, अल मन्सूराच्या मेट्रो स्टेशनबाहेर माझ्या हातात दिलं. कव्हर छान आहे. दुपारपर्यंत मी सगळं वाचलं, मग पान एकशे बारा पुन्हा वाचलं, आणि त्यानंतर तीन दिवस तुझा फोन उचललेला नाही. कामात होते म्हणून नव्हे.

आधी नावाचं बोलते, कारण तो राग लहान आहे. सहा वर्षं तू मला प्रश्न पाठवत होतास. मी इथल्या चिनी कंपनीत फायली सांभाळणारी बाई. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीकडून जमेल तसं चिनी वाचायला शिकले आणि तुझी उत्तरं शोधत बसले. भिंत एकच नाही, अनेक आहेत, हे तुला मी कळवलं. छिन सम्राटाने जुन्या राज्यांच्या भिंती जोडल्या तेव्हा तिथे वीट नव्हती, माती धोपटून धोपटून भिंत उभी केलेली. हान राजांनी ती वाळवंटात नेली, लव्हाळी आणि खडीचे थर देत. फोटोत दिसते ती विटांची भिंत मिंग काळातली. त्यांचा सम्राटच मंगोलांच्या हाती सापडला, त्या धास्तीने पुढे वाढवत नेलेली. ती चंद्रावरून दिसते, हे वाक्य तुझ्या खर्ड्यात दोनदा होतं. मीच काढायला लावलं. आभाराच्या पानावर तुझे प्राचार्य आहेत, टायपिंग करणारा रामेश्वर आहे आणि शेवटी ‘परदेशस्थ हितचिंतक’ आहेत. म्हणजे मी. बरं, ते सोडलं.

पण पान एकशे बारा सोडवत नाही. ‘मी चिनशानलिंगच्या भिंतीवर पाऊल ठेवलं तेव्हा ऊन कलत होतं.’ दादा, तू कधी ठेवलंस पाऊल? २०१९च्या ऑक्टोबरात तिथे आम्ही दोघं होतो, तुझे दाजी आणि मी. त्या वर्षीची सुट्टी त्यांना गावी आईजवळ काढायची होती. तू फोनवर म्हणालास, बबे, तू डोळ्यांनी पाहून सांगितल्याशिवाय पुस्तकात जीव येणार नाही. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, जाऊ या, एसी दुरुस्त करून करून कंबर वाकली, जरा डोंगर चढू.

पायऱ्या उभ्या होत्या. त्यांना दम लागत होता आणि ते कबूल करत नव्हते. तिसऱ्या बुरुजाशी आम्ही बसलो, मी डबा उघडला. दशमी नि शेंगदाण्याची चटणी खाताना त्यांचा हात भिंतीला टेकला आणि ते म्हणाले, बबिता, या विटेवर काहीतरी लिहिलंय. मी अक्षरं लावून वाचलं: वान्ली राजवटीचं सहावं वर्ष, घोडदळाच्या छावणीने केलेली. ते हसत सुटले. म्हणाले, साडेचारशे वर्षांनी वीट कुणी केली ते सापडतं, आणि आमच्या कंपनीत कालचा एसी कुणी बसवला ते सापडत नाही.

परत आल्यावर हे सगळं मी तुला आठ पानं भरून लिहिलं. पुस्तकात ती वीट तुझ्या बोटांना लागते. दशमी तू एकटा खातोस. आणि त्यांचा विनोद, एसीच्या जागी कॉलेजचं कपाट घालून, तू स्वतःच करतोस. बालाजी हे त्यांचं नाव दोनशे चाळीस पानांत कुठेही नाही.

पुढच्या वर्षी ते गेले तेव्हा विमानं बंद होती, तू येऊ शकला नाहीस, त्याबद्दल मी तुला कधी एक शब्द बोलले नाही. पण बावीस वर्षांच्या संसारात पाहुणे नाहीत, ड्युटी नाही, फक्त आम्ही दोघं, असे चीनमधले ते नऊच दिवस होते. तू मागितले असतेस तरी मी दिले नसते. मी मेसेज केला तर तुझं उत्तर काय, तर वाचकाला ‘मी’ लागतो, तू मनाला लावून घेऊ नकोस. किती सोपं केलंस रे.

हे मेसेजात मावणार नाही, म्हणून हाताने लिहून फोटो पाठवतेय. आणि पाठवतेय ते माझ्यासाठी नाही. काल सोनमचा मेसेज आला. रविवारी वाचनालयात पुस्तकाचा कार्यक्रम आहे आणि लेखकाची ओळख तुझी लेक करून देणार आहे. ती विचारते, आत्या, बाबा चीनला गेले तेव्हा मी लातूरला मामाकडे शिकायला होते, मला काहीच आठवत नाही. जाताना ते तुझ्याकडे दोह्यात थांबले होते का? आईला विचारलं तर ती म्हणते, बाबांनाच विचार. मी दोन उत्तरं लिहिली आणि दोन्ही पुसली. सतरा वर्षांची पोर गावासमोर उभी राहून तुझं खोटं अभिमानाने सांगणार, हे मी होऊ देणार नाही. येत्या शुक्रवारी सकाळी मी तिला फोन करणार आहे. त्याआधी तू तिला समोर बसवून सगळं सांग. माझ्याकडून कळलं तर ती तुझ्याशी पुन्हा बोलेल की नाही, मला माहीत नाही. तुझ्या तोंडून कळलं तर आधी रडेल, मग भांडेल, आणि भांडली की समज, ती तुझ्याजवळच आहे.

अजूनही तुझीच,
बबी