पाव टक्क्याचा रविवार

४ मार्च, मंगळवार
मध्यवर्ती बँकेने आज व्याजदर पाव टक्का उतरवला. ऑफिसात कुणाला पत्ता नाही. सगळे कॅन्टीनच्या चहात साखर कमी पडते यावर तावातावाने बोलत होते. असल्या माणसांत दिवस काढायचे म्हणजे शिक्षा आहे.

घराच्या कर्जाचा हप्ता आता उतरणार. हिशेब कॅल्क्युलेटरवर तीनदा केला. तिसऱ्या वेळी आकडा हवा तसा आला.

संध्याकाळी बायकोला सांगून टाकलं, तुझा रविवार सोड. आठवडाभर नोकरी करून ही रविवारी दाताच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, केवळ हप्त्यासाठी. दोन वर्षं झाली. तिने विचारलं, बँकेत विचारलंत का? म्हटलं, बँकेला काय विचारायचं, वरून आदेश आलाय. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. कौतुकाने असावं.

९ मार्च, रविवार
हिने डॉक्टरांना सांगितलं, महिनाअखेरपर्यंतच येईन. झालं! एक प्रश्न मार्गी लागला. आपल्या घरात निर्णय असे पटकन होतात.

५ एप्रिल, शनिवार. सकाळी ८.
हप्ता कापल्याचा मेसेज. तोच आकडा. एका पैशाचा फरक नाही. शी!

८.२०. मेहुण्याचा फोन. त्याचा हप्ता उतरला म्हणे. बँक तीच. ज्या माणसाला मोबाइलचा आवाज कमी करता येत नाही त्याचा हप्ता कमी होतो, आणि मी इथे आठवड्याला दोन अर्थविषयक पुरवण्या वाचतो. या जगात अक्कल असून उपयोग नाही.

७ एप्रिल, सोमवार
बँकेत गेलो. टोकन ४१, चालू नंबर १२. भिंतीवर पोस्टर: नवरा-बायको, दोन मुलं, हातात किल्ली, चौघांचे दात पांढरेशुभ्र. पन्नास मिनिटांत चौघांचे सगळे दात मोजून झाले. नंबर आला तेव्हा कर्जविभागातल्या बाई जेवायला गेल्या.

कडक शब्दांत तक्रार करणार. 'महोदय' इथपर्यंत मजकूर तयार आहे.

६ मे, मंगळवार
आणखी पाव टक्का उतरला. माझा हप्ता ढिम्म. आमच्या मुदतठेवीवरचं व्याज मात्र त्याच संध्याकाळी घटलं. तसा मेसेजही आला, शेवटी हसरा चेहरा. या लोकांना लाज कशी वाटत नाही?

८ मे, गुरुवार
कर्जविभागातल्या बाई भेटल्या. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझं कर्ज म्हणे स्थिर दराचं आहे. वर कितीही चढउतार झाले तरी माझा दर पाच वर्षं हलणार नाही. त्यातली तीन बाकी.

दोन वर्षांपूर्वी दर चढत होते तेव्हा मीच येऊन हट्टाने तसं करून घेतलं म्हणे. बाईंनी थांबा म्हटलं, तर मी म्हणालो, मला शिकवू नका. असं त्यांचं म्हणणं. मला आठवत नाही. सही माझ्यासारखी आहे, एवढं कबूल. पण एवढ्या मोठ्या गोष्टीत गिऱ्हाइकाला दोनदा विचारायला नको? एकदाच विचारलं. निष्काळजीपणाची हद्द झाली.

हिला सांगितलं नाही. उगाच काळजी करेल.

१५ जून, रविवार
ही दहापर्यंत झोपली. मग गरम पाण्यात पाय सोडून बसली आणि चक्क गुणगुणत होती. हिला गाता येतं हे मी विसरलोच होतो. फार बरं वाटलं. पण घरखर्चात दर महिन्याला खड्डा पडतोय आणि तो मी शिलकीतून बुजवतोय. हा रविवार काही झालं तरी परत जाता कामा नये.

मार्ग सापडला आहे. स्थिर सोडायचं, बदलत्या दरावर जायचं. बँक त्यासाठी शुल्क घेते. मुदतठेव मोडली की भागतं. दर आणखी उतरणारच आहेत, आंधळ्यालाही दिसेल.

१ जुलै, मंगळवार
काम फत्ते. शुल्काने ठेव जवळजवळ गिळली. बाईंनी या वेळी तीन-तीनदा विचारलं, नक्की ना? काय हा चिकटपणा! एकदा विचारून पुरत नाही? दर तीन महिन्यांनी दर नव्याने लागेल, पहिली तारीख एक सप्टेंबर, असंही काहीतरी म्हणाल्या. मी मान हलवली.

५ ऑगस्ट, मंगळवार
हप्ता उतरला!! मेहुण्याला सहज फोन केला. त्याला बदलत्या दरांचं शास्त्र अर्धा तास समजावून सांगितलं. जांभई दिली गाढवाने.

२६ ऑगस्ट, मंगळवार
मध्यवर्ती बँकेने दर अर्धा टक्का वाढवला. कारण महागाई. काय ही माणसं! आज एक, उद्या दुसरं. यांच्या भरवशावर संसार करायचा?

१ सप्टेंबर, सोमवार
वाढ लागू. उतरताना सहा महिने घोळ, चढताना एका आठवड्यात हजर. हप्ता आता जुन्या स्थिर हप्त्याहूनही जास्त. बाईंना विचारलं, परत स्थिर करता येईल का? म्हणाल्या, येईल की, शुल्क भरून. पोस्टरवरचे चौघे हसत होते. सगळ्यांची किळस आली. थोडी माझीसुद्धा, पण ती नंतर.

२ सप्टेंबर, मंगळवार
हिला सगळं सांगितलं. ठेवीचंसुद्धा.

हिला माहीत होतं. ठेव मोडल्याचं नव्हतं, बाकी सगळं. मार्चमध्येच बँकेत जाऊन विचारून आली होती, मग डॉक्टरांना सांगितलं. मी चिडलो. म्हटलं, हप्ता उतरणार नाही हे माहीत असून सोडलंस? म्हणाली, मी दरासाठी नाही सोडलं, पाय दुखायचे म्हणून सोडलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तुम्ही सोड म्हणालात. कारण चुकीचं असलं तरी घेतलं मी.

पुढे ठेवीबद्दल जे बोलली ते लिहीत नाही.

७ सप्टेंबर, रविवार. सकाळी ९.१५.
दाताचा दवाखाना. काउंटर. खुर्चीला पाठ नाही.

हिच्या जागी आलेली मुलगी गेल्या आठवड्यात सोडून गेली. डॉक्टरांनी हिला फोन केला. ही म्हणाली, मी नाही, पण आमच्याकडे रविवारी एक माणूस मोकळा असतो.

आत्ता एक गृहस्थ आले. गाल सुजलेला, हातात पेपर. म्हणाले, दर पुन्हा उतरतील म्हणतात, तुम्हाला काय वाटतं?

मी म्हटलं, तुमचा नंबर चौथा. बसून घ्या.