पवनेतली हट्टी मोटार

३ ऑक्टो. ५७, गुरु. दसरा.
सकाळीच कासारवाडीला, दत्तोबांच्या गोठ्यात. कंपनीच्या साहेबांची शर्यतीची होडी आणि तिच्या मागे लावायची मोटार तिथेच असते, पवना नदी मागच्या दाराशी. मोटार विलायती, लढाईच्या आधीची. टाकीत तेल मिसळलेलं पेट्रोल ओतलं, मग हळदकुंकू, झेंडू, अक्षता, नारळ. दत्तोबा मध्येच काही सांगू लागले. पूजेत बडबड नको म्हटलं. १३ ला पुण्यात शर्यत. चालवणार मी. कंपनीत साधा फिटर, पण रत्नागिरीचा, होड्यांतच वाढलेला.

५ ऑक्टो., शनि.
पहिली पाळी करून नदीवर. पहिल्याच दोरीला सुरू. पाच मिनिटं झकास पळाली आणि मधोमध मेली. वल्हवत काठाला आणली, तर पुन्हा सुरू. पुन्हा मधोमध मेली. प्लग साफ केला. फरक शून्य.

६ ऑक्टो., रवि.
मॅग्नेटो उघडला. कार्ब्युरेटर धुतला. टाकीचा नळ सोडून पाहिला, पेट्रोल व्यवस्थित येतंय. पाण्यात तेच रडगाणं. साहेब काठावर उभे. म्हणाले, "या खेपेला चालली नाही तर भंगारात घालतो." दोन वर्षं घातली हिच्यामागे. एवढे लाड घरच्यांचे केले नाहीत.

९ ऑक्टो., बुध.
दत्तोबांवर घसरलो. तेल तेच मिसळतात. म्हटलं, "म्हशीची पेंड आहे का ही, हाताला येईल तेवढं घालायला?"
"मापानंच घालतो राव. डबा तुमीच दिल्याला हाय."
तरी बोलतच राहिलो. त्यांच्या वयाचाही विचार केला नाही.

१० ऑक्टो., गुरु.
दत्तोबा आले नाहीत. एकट्याने होडी लोटली. दोरी ओढून तळहाताला फोड. मोटार मेली ती मेलीच. नदीत फेकून द्यावीशी वाटली. जड आहे म्हणून वाचली.

१२ ऑक्टो., शनि.
टाकीच काढली. उलटी करून पेट्रोल फडक्यातून गाळलं. फडक्यावर सात तांदूळ, कुंकू धुऊन गेलेलं. मोटार पळाली की ओढीने आतून नळाच्या तोंडाशी बसायचे, थांबली की सुटायचे. पूजेच्या वेळी टाकी मीच उघडी ठेवलेली. आता आठवलं दत्तोबा काय म्हणत होते ते. "झाकान तेवढं लावा आदी."
फार लाज वाटली.
दुपारी अर्धा तास न थांबता पळाली. पण शर्यतीत होडीच्या नाकाशी दुसरा माणूस लागतो, नाहीतर नाक वर उचलतं. तो माणूस म्हणजे दत्तोबा. शर्यतीच्या यादीत नावही त्यांचंच दिलंय.
संध्याकाळी तांदूळ पुडीत बांधून त्यांच्या दारी. त्यांची मंडळी बाहेर आली. "त्ये निजल्यात." आत तंबाखू मळल्याचा आवाज येत होता.
पुडी हातात दिली. "वहिनी, अक्षता आहेत. दत्तोबांना दाखवा."
तिने उघडून पाहिलं. "लगीन कुनाचं?"
"टाकीत सापडल्या. मीच टाकलेल्या, चूक माझी," जरा मोठ्यानेच म्हणालो. "उद्या सकाळी सहाला होडी न्यायला ट्रक येतोय."
आतला आवाज थांबला. मग पुन्हा मळायला लागले. येतात की नाही, ते सहालाच कळेल.