तुरा दिसला का?

११ ऑक्टोबर, अराल

अकेंनी आज गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली! जन्मात पहिल्यांदा. "कंबर धरलीय, कुलाश. उद्या तूच चालव." तीस वर्षं ट्रक हाकलेला माझा बाप लेकीशेजारी मुकाट बसणार. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

शिमकेंतला जायचंय. धाकट्या बहिणीचा, अय्सलूचा मुलगा चाळीस दिवसांचा होतोय, चौदाला त्याचे केस उतरवणार. "नातवाचं तोंड बघू दे, मग मेलो तरी चालेल" — महिनाभर हेच पालुपद. कोरिमदिकही काढून ठेवलंय, चांदीच्या मुठीचा आजोबांचा चाबूक. पहिल्यांदा तोंड बघणाऱ्याने भेट द्यायचीच. रिकाम्या हाताने बघितलं तर आमच्यात ते बघणं धरतच नाहीत!

१२ ऑक्टोबर, रस्त्यात

चहाला थांबलो. रस्त्याकडेला एक मातकट पाखरू तुरुतुरु चालत होतं. मधेच गोड शीळ घातली. मी म्हटलं, भरत.

"डोंबलाचा भरत! भरत एव्हाना गेलेसुद्धा. हा तुरेवाला चंडोल. हिवाळाभर इथंच राहतो, घोड्याच्या लिदीतले दाणे टिपत. तुरा दिसला का?"

वाकून बघितलं. शेंडी ताठ उभी! हरले. "आणि ही म्हणे शाळेत शिकवते," म्हणून अके पोट धरून हसले. मी दोन तास फुगून गाडी चालवली.

१२, संध्याकाळ, किझिलोर्दा

गावाबाहेर पुन्हा थांबलो होतो. आणखी एक तुरेवाला थेट बॉनेटवर येऊन बसला. अकेंपासून हातभर. अगदी गप्प. अके त्याच्याकडेच तोंड करून तळलेला बौरसाक चघळत होते. म्हणाले, "आज पाखरं कुठं मेली सगळी?"

माझ्या हातातला चहा सांडला.

त्यांना दिसत नाहीये. सकाळचा कानांनी ओळखला. कंबर कसली न् काय! आणि मी मूर्ख, फुगून बसले होते.

बोलावं का? "आधी तुझेच डोळे तपास" म्हणून उडवून लावतील. अय्सलूच्या सासरी चारचौघांत उघडं पडलं तर? नातवाचं तोंड बघायला निघालाय हा माणूस! रडू आवरत नाही.

१३ ऑक्टोबर

अके दिवसभर शेजारी बसले होते. एक शब्द काढला नाही मी. भित्री!

१४ ऑक्टोबर, शिमकेंत

केस उतरवले. रिवाजाप्रमाणे टाळूवर एक झुलूप ठेवलं. अकेंनी चाबूक दिला, बाळ मांडीवर घेतलं. व्याही म्हणाले, "बघा, बघा! कुणावर गेलाय?"

अके बाळाच्या गालावरून, कपाळावरून हलकेच बोट फिरवत वर गेले. झुलूप हाताला लागलं.

"अरे, हा तर तुरेवाला!"

सगळे हसले. विहीणबाई म्हणाल्या, "नजर बघा कशी आहे या वयात!" मी भांडी घासायच्या निमित्ताने मोरीकडे पळाले.

१५ ऑक्टोबर, परतीची वाट

शहर मागे पडलं तसे अके म्हणाले, "तू चहा सांडलास, तेव्हाच समजलं मला. माझं बिंग पाहिलंस ना? मग कोरिमदिक काढ."

"काय देऊ, अके?"

"बाळाचं तोंड सांग. नीट. काही वगळू नकोस."

गाडी कडेला घेतली. कपाळापासून सुरुवात केली.